पिशवी पुढे कोण उघडणार?

रद्दीवालीला विचारा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले, की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आसपासच्या घरांतला सुका कचरा गोळा करतो, निवडतो आणि पुढे पाठवतो. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. संपादकांनी परवा पत्रांचा गठ्ठाच हातात ठेवला. त्यातले निम्मे कागद पाठकोरे होते. एवढ्यावरच मी खूश.

नव्या वाचकांसाठी सांगते. वडिलांचं रद्दीचं दुकान नारायण पेठेत होतं. दहावीच्या सुट्टीत मी काट्यावर बसले ती पुढची चौतीस वर्षं उठले नाही. दुकान आता नाही. काटा आहे, तो रविवारी आमच्या कचरा गोळा करायच्या केंद्रावर नेते. आमचा काटा जरा आमच्याच बाजूने झुकायचा, हे आता वडील गेल्यावर कबूल करायला हरकत नाही.

ताई, आमच्याकडे रोज दोन लिटर दूध लागतं. पिशव्या वाळवून केंद्रावर नेल्या, तर तिथल्या बाईंनी 'चिकट आहेत' म्हणून अर्ध्या परत केल्या. रोज पिशव्या धुवायला पाणी किती जातं याचा कोणी विचार करतं का? – एक गृहिणी, नाशिक

पाणी चहाला लागतं तेवढंच जातं. माझी आई पिशवी पातेल्यात रिकामी केली की तिच्यात अर्धी वाटी पाणी घालायची, तोंड धरून दोनदा खळखळवायची आणि ते पाणी चहाच्या आधणात ओतायची. दुधाचा थेंब वाया जायचा नाही आणि पिशवी स्वच्छ व्हायची. मग ती उलटी करून ओट्यामागच्या फरशीला चिकटवायची. वाळली की आपोआप सुटून खाली पडते. पडली नाही तर समजायचं, अजून ओली आहे. यापेक्षा सोपं यंत्र मी पाहिलेलं नाही.

तुमच्या पिशव्या परत का आल्या तेही सांगते. दुधाची पिशवी म्हणजे प्लास्टिकमधला चांगला माल. मऊ, एकसारखा, बारा महिने येणारा. पण पन्नास कोरड्या पिशव्यांत दोन चिकट गेल्या की चार दिवसांत सगळ्या गोणीला आंबूस वास सुटतो, मुंग्या लागतात. आणि ती गोणी पुढे कोणीतरी हातानेच उघडतं. आमच्याकडे निवडायला बसणाऱ्या मावशी गोणीची सुतळी सोडली की आधी मान बाजूला वळवतात आणि मग आत हात घालतात. कित्येक वर्षांची सवय. ज्या घरची गोणी सोडताना त्यांची मान वळत नाही, त्या घराचा माल चांगला, असा आमचा हिशेब आहे.

आणखी एक. पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. अर्ध्या लिटरच्या चार पिशव्या म्हणजे दिवसाला चार तुकडे, वर्षाला १,४६०. नखाएवढा तुकडा ना मावशींच्या हाताला लागत, ना कोणाच्या काट्यावर येत. तो मोरीतून गटारात जातो.

चिप्सचं पाकीट आतून चांदीसारखं चमकतं. आमच्या बाईंनी ते धातूच्या डब्यात टाकायला सांगितलं. ते धातू आहे का? – इयत्ता आठवी, सांगली

बाईंना माझा नमस्कार सांग आणि दोघांनी मिळून एक गंमत करा. एका हातात पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा घे, दुसऱ्या हातात चिप्सचं पाकीट. दोन्ही मुठी आवळ आणि मग सोड. फॉइल गोळा होऊन गप्प बसेल. पाकीट मात्र कुरकुर करत हळूहळू उलगडायला लागेल. उलगडलं ते प्लास्टिक.

आत अ‍ॅल्युमिनियम असतं, पण ते प्लास्टिकवर वाफेसारखं फवारलेलं असतं. इतका पातळ थर, की तो कोणी खरवडून काढू शकत नाही. वर आणखी प्लास्टिकचे पदर चिकटवलेले. पदर सुटत नाहीत म्हणून वितळवणारा घेत नाही. आम्ही त्याची वेगळी गोणी करतो आणि ती सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाते. बिस्किटाचे पुडे, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, सगळी एकाच गोत्राची. गुटख्याची पुडी तुझ्या घरी नसेलच, पण रस्त्यावर बघून ओळखता यावी.

घर बदलताना आठ पोती 'कागद' भरला. लग्नपत्रिका, मुलांच्या वह्या, पुस्तकं, बिलं, पिझ्झाचे खोके, कागदी कप. केंद्रावरच्या मुलाने सांगितलं, 'काका, यातलं निम्मं कागद नाहीये.' मग कागद म्हणजे नेमकं काय? – निवृत्त लेखापाल, ठाणे

लेखापाल आहात, म्हणजे खाती कशी पाडतात हे तुम्हाला शिकवायला नको. आमच्या दुकानात कागदाची चार खाती होती: पेपर, वही, पुस्तक, पुठ्ठा.

पेपर म्हणजे वर्तमानपत्र. घडी न मोडलेले पेपर एकावर एक रचून आणले तर ते पिशव्या करणाऱ्या बायकांकडे जायचे आणि भाव बरा यायचा. चुरगळलेले थेट मिलच्या ढिगात. वही म्हणजे पांढरा कागद. शाईने लिहिलेला असला तरी चालतो, हा आमच्याकडचा सगळ्यात मानाचा ढीग. परीक्षा संपून निकाल लागले की वह्यांची रीघ दुकानाच्या पायरीपर्यंत यायची. प्रत्येक वहीला प्लास्टिकचं कव्हर, त्यावर कार्टूनचं लेबल. मी दिवसभर ती कव्हरं टराटरा ओढत बसायचे आणि संध्याकाळी अंगठ्याचं नख दुखायचं. तेवढं घरी करून आणा. स्पायरलची तारही ओढून काढा. स्टेपलरच्या पिना राहिल्या तरी हरकत नाही, मिलमध्ये लगदा होताना त्या निघतात.

जाड बांधणीच्या पुस्तकाचा पुठ्ठा उचकटून वेगळा करा, कण्याला कापड आणि डिंक असतो. पण त्याआधी पुस्तक कोणी वाचणारं आहे का ते बघा, आणि पानं एकदा झटका. रद्दीत मला जाळी पडलेली पिंपळाची पानं सापडली आहेत, नोटा सापडल्या आहेत आणि एकदा एका मुलीची दहावीची मूळ गुणपत्रिका. ती घरी नेऊन दिली तेव्हा तिच्या आईने मला चहा दिला आणि मुलीला माझ्यादेखत अर्धा तास झापलं.

आता तुमचं उरलेलं पोतं. लग्नपत्रिका हातात घेऊन फाडा. कडेला कापसासारखे तंतू दिसले तर कागद. फाडताना पातळ पापुद्रा ताणला जाऊन लोंबू लागला तर वर प्लास्टिक चढवलेलं आहे, ती कागदात नको. मखमल, चमकी, प्लास्टिकचा गणपती चिकटवलेल्या पत्रिका तर कुठल्याच खात्यात बसत नाहीत. हल्ली पत्रिका जितकी भारी तितकी ती आमच्या कामाची कमी. कागदी कपाचीही हीच परीक्षा. तळाशी नखाने सोलून बघा, आत प्लास्टिकचं अस्तर निघेल. नाहीतर गरम चहा त्यात टिकला कसा असता?

बिलांपैकी पेट्रोलपंपाची, एटीएमची, मॉलची गुळगुळीत चिठ्ठी असते ना, तिच्यावर नखाने जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उठली तर तो उष्णतेने छापायचा कागद. त्यावर रसायनाचा लेप असतो. तो रद्दीतही नको आणि खतातही नको. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण बहुधा कोरडं असतं, ते फाडून पुठ्ठ्यात टाका. तेलकट, चीज लागलेला तळ बारीक फाडून ओल्यात. तेल लागलेल्या कागदाचा लगदा नीट होत नाही.

कागदाचा तंतू प्रत्येक फेरीत आखूड होत जातो. पाच-सात फेऱ्या झाल्या की त्याचा कागद धरत नाही. पांढऱ्या वहीचा पुढे पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा अंड्याचा ट्रे. ट्रे ही कागदाची म्हातारपणची नोकरी. तो फाटला की खुशाल कुंडीतल्या खतात घाला.

आईचा जुना प्रेशर कुकर द्यायचा आहे. भंगारवाल्याने वजनातून बरीच कट मारली म्हणून परत आणला. केंद्रावर तो तसाच घेतील का? – रत्नागिरी

घेतील, पण तुम्ही आधी त्याची उस्तवार करा. तुमचा कुकर अ‍ॅल्युमिनियमचा असणार. आमच्या धंद्यात त्याला 'जर्मन' म्हणतात. दुकानात पाटी लिहिताना मी एकदा 'अ‍ॅल्युमिनियम' लिहिलं तर दोन दिवस कोणी काही आणेना. दांडे बेकलाइट या कडक प्लास्टिकचे असतात. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे त्याला भाव शून्य आणि वजन मात्र असतं. स्क्रू-ड्रायव्हर घ्या, दांडे सोडवा, झाकणाची रबरी रिंग काढा, शिटी आणि व्हॉल्व्ह काढा. कट मारणारा याच गोष्टींची मारतो. फुटकी मेलामाइनची ताटंही बेकलाइटच्याच जातीची, वितळत नाहीत.

लोहचुंबक घरात असू द्या, फ्रिजवरचा चालेल. चिकटला तर लोखंड किंवा पत्रा. चिकटला नाही तर लगेच 'जर्मन' म्हणू नका. स्टेनलेस स्टीलच्या कितीतरी भांड्यांना तो चिकटत नाही. हातात घेऊन बघा, स्टील जड लागतं, अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि जरा मळकट राखाडी.

'आईचा' हा शब्द तुम्ही लिहिलात म्हणून थोडं जास्त सांगते. अ‍ॅल्युमिनियम बॉक्साइटपासून करतात, आणि ते तुमच्या कोकणातल्या आणि शेजारी कोल्हापूरच्या सड्यांवरून खोदून काढतात. मातीतून नवं अ‍ॅल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण वीसाव्या हिश्श्यात जुनं वितळवून होतं. आणि गुणात फरक पडत नाही. कुकर जाईल, धातू राहील. मात्र आईचा बिडाचा तवा असेल तर तो कोणालाही देऊ नका. गंजला असेल तर घासा, तेल लावा आणि घावन घाला.

आम्ही ओलं-सुकं इमानाने वेगळं करतो आणि गाडीवाला आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही एकत्र ओततो. मग आम्ही वेडे का? (गावाचं नाव मुद्दाम छापलेलं नाही.)

एकूण गठ्ठ्यात याच प्रश्नाची सात पत्रं निघाली, सात वेगवेगळ्या गावांची. राग खरा आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीच घरात ओला, सुका आणि घातक असा कचरा वेगळा करायला सांगितलं, आणि तो वेगळाच न्यायची जबाबदारीही त्याच नियमांत होती. तेव्हा तक्रार जरूर करा, लेखी करा, तारीख टाकून करा.

पण गाडीवर सूड म्हणून घरी एकत्र करू नका. सुका कचरा स्वच्छ असेल तर नासत नाही, म्हणून तर तो सुका. त्याला रोज बाहेर काढायची घाई कशाला? गॅलरीत एक गोणी लावा. आमच्या घरात चार माणसं आहेत आणि दूधपिशव्या, बाटल्या चेपून ठेवल्या तर महिन्याला दीड गोणी भरते. गाडीला फक्त ओलं द्या, तेही कुंडीत जिरवता आलं तर तेवढंही नको. महिन्याकाठी गोणी केंद्रावर न्या, केंद्र नसेल तर भंगारवाल्याला बोलवा. गाडीवाल्याला एकत्र करायला तुमच्याकडे काही उरणारच नाही.

पुण्यात आमचं बरं चाललं आहे त्याचं श्रेय कचरावेचक बायकांना. १९९३ मध्ये त्यांची इथे संघटना झाली, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नाव नीट वाचा, ती निवडायची यादीच आहे. त्यात प्लास्टिक नाही, हे मला अलीकडे लक्षात आलं. आज यादी केली असती तर पहिलं नाव त्याचंच आलं असतं. पुढे याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून त्या महापालिकेबरोबरच्या कराराने घरोघरी कचरा घ्यायला लागल्या. सुका माल विकून येणारे पैसे त्यांचे. म्हणजे तुमच्या चिकट पिशवीने कोणाचं नुकसान होतं ते आम्हाला चेहऱ्यासकट माहीत आहे. तुमच्या गावात तो चेहरा दिसत नसेल, पण असतो.

फुटलेला आरसा, काचेची बरणी आणि जळलेली ट्यूब एकाच खोक्यात घालून दिली तर चालेल ना? सगळी काचच आहे. – एक वाचक, अहिल्यानगर

नाही चालणार, आणि या उत्तरात मी जरा कडक बोलणार आहे. दोन वर्षांपूर्वी एका सोसायटीतून आमच्याकडे कपड्यांचं म्हणून एक गाठोडं आलं. मावशींनी हात घातला. आत चादरीत आरशाचा तुकडा होता. तळहातावर पाच टाके. त्या पंधरा दिवस कामावर येऊ शकल्या नाहीत आणि त्या पंधरा दिवसांचा पगार देणारा कोणी नव्हता. आम्ही वर्गणी काढली. गाठोडं कोणाचं होतं ते कळलं नाही, कळून काय करणार होतो?

फुटकी काच जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा. वाचता न येणाऱ्यांसाठी वर लाल रेघ मारा. खोकं केंद्रावर हातात द्या, गोणीत टाकू नका.

आता जाती. बरण्या आणि बाटल्या एक काच. अख्खी असेल तर फोडून जागा वाचवायचा उद्योग करू नका. बिअरची बाटली धुऊन पुन्हा भरली जाते, ती नगावर विकली जाते, किलोवर नाही. आरशाच्या मागे लेप असतो, तो वेगळा. ओव्हनमध्ये चालणारं काचेचं भांडं तर अजिबात बाटल्यांत नको. ते बाटलीच्या काचेपेक्षा कितीतरी जास्त तापमानाला वितळतं आणि भट्टीत खड्यासारखं तसंच राहतं.

ट्यूब आणि पिळाचा सीएफएल दिवा यांत पारा असतो. थोडाच, पण असतो. अख्खा असेल तर मूळ खोक्यात किंवा पेपरात गुंडाळून विजेच्या वस्तूंच्या टेबलावर द्या. घरात फुटला तर आधी खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. केरसुणी फिरवायची नाही. दोन जाड कार्डांनी तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत भरायचे, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपायचा. एलईडी दिव्यात पारा नसतो.

थर्माकोल का घेत नाही तुम्ही? टीव्हीच्या खोक्यातलं पांढरंशुभ्र, स्वच्छ थर्माकोल होतं. – पिंपरी

कारण त्यात साधारण अठ्ठ्याण्णव टक्के हवा असते. टेम्पोभर न्या, डिझेलचे पैसे निघत नाहीत. जवळपास दाबून ठोकळा करणारा कोणी असेल तर तो घेतो, आमच्याजवळ नाही. टीव्ही घरी पोचवणाऱ्यालाच ते परत न्यायला सांगा. आणि हाताने कुस्करू नका! ते मणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत घरात निघतात.

लहान बाळाचे डायपर केंद्रावर चालतात का?

नाही. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल पेनाने ठसठशीत ठिपका काढा आणि रोजच्या कचरा घेणाऱ्याच्या हातात वेगळं द्या. सॅनिटरी पॅडचंही तेच. लाल ठिपका ही पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या संघटनेनेच लोकांना लावलेली सवय. ठिपका दिसला की पुडी उघडून बघावी लागत नाही, एवढंच त्याचं काम. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिलं तर त्या बाईला ती गाठ सोडावी लागते.

पॉवर बँक फुगली आहे. कपाटात ठेवली आहे. – डोंबिवली

आज कपाटातून काढा. चार्ज करू नका, टोचू नका, दाबू नका. मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, कुंडी गॅलरीत, पडद्यापासून लांब. केंद्रावर आणताना आधी फोन करा आणि इतर कशातही मिसळू नका. साध्या कचऱ्याच्या दाबयंत्राच्या गाडीत अशी बॅटरी चेपली गेली तर गाडी पेटते. बाकीच्या मोबाइल बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून आणा.

सासूबाई काहीही टाकू देत नाहीत. जॅमच्या बाटल्या, गिफ्टच्या रिबिनी, गादीखाली प्लास्टिकच्या पिशव्यांची घडी. जुन्या साड्यांचं तर विचारूच नका, 'बोहारीण येईल' म्हणतात. बोहारीण मी लग्नानंतर नऊ वर्षांत पाहिलेली नाही. त्यांना कसं समजवू? – चिंचवड

मी सासूबाईंच्या बाजूची आहे, रागावू नका. तुमच्या घरातलं निवडण्याचं काम त्या गेली चाळीस वर्षं करताहेत, फक्त पुढे पाठवायचं राहिलं आहे. बोहारीण दारात बसून साडी कशी बघायची ते तुम्हाला माहीत नसेल. साडी उलगडायची, उजेडासमोर धरायची, पदर आणि काठ दोन बोटांत चोळायची, एखादं भोक दिसलं की नुसतं 'हं' म्हणायची. त्या 'हं'ने माझ्या आईच्या स्टीलच्या पातेल्याचा आकार दोन अंगुळं कमी व्हायचा.

सासूबाईंना केंद्रावर घेऊन या. कपडे त्यांच्याकडूनच निवडून घेऊ. नेसता येण्याजोगं धुऊन, घडी करून, बटणं लावून एका गोणीत. विटलेलं सुती कापड फाडून चिंध्या, त्या गॅरेजवाले पुसायला नेतात. लोकरीचं वेगळं, कारण जुन्या लोकरीचं पानिपतला पुन्हा सूत करून ब्लँकेटं विणतात. अंतर्वस्त्रं, फाटके मोजे कोणाला देऊ नका.

गादीखालच्या पिशव्यांचं मात्र तुमचं बरोबर आहे. तिथे त्या वर्षानुवर्षं राहिल्या की ठिसूळ होतात आणि हात लावला की भुगा होतो. वीस ठेवा, बाकीच्या आणा. जॅमच्या बाटल्या झाकणासकट असतील तर आमच्याकडच्या लोणचं घालणाऱ्या बायका आनंदाने नेतात. झाकणं हरवली असतील तर सासूबाईंना विचारा, ती वेगळ्या डब्यात असतील.

ताकाचे आणि फळांच्या रसाचे खोके कागदात द्यायचे की प्लास्टिकमध्ये? – सातारा

दोन्हींत नाही. त्याला साधारण पाऊण हिस्सा कागद, बाकी प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पदर. याची वेगळी गोणी. कोपऱ्यांची चारही कानं उघडा, आत पाणी घालून हलवा, चपटा करा. नळी बाहेर काढा. या खोक्यांचे दाबून टणक तक्ते करतात, बाकं होतात. पण ताक आत सुकलेला खोका मात्र आणू नका. उन्हाळ्यात असा एक आला होता. मावशींची मानच काय, आम्ही सगळेच हॉलबाहेर गेलो.

पाण्याच्या बाटलीचं झाकण लावून द्यायचं की काढून? आणि या सगळ्याचे पैसे मिळतात का? – एक वाचक, पुणे

झाकण काढून. बाटली आणि झाकण वेगवेगळ्या प्लास्टिकची. बादलीत टाकून बघा, झाकण तरंगतं, बाटलीचा तुकडा बुडतो. कारखान्यातल्या टाकीतही ती अशीच वेगळी करतात. शिवाय झाकण काढलं की बाटली पायाखाली चेपता येते, नाहीतर तुम्ही आम्हाला गोणीभर हवा आणून देता. झाकणं एका पिशवीत जमवा.

पैसे तुम्हाला मिळत नाहीत. ज्याला पैसे हवेत त्याने रद्दीवाल्याकडे जावं, त्यात काही वावगं नाही, माझं लहानपण त्याच पैशांवर गेलं. आमच्या केंद्रावर माल विकून जे येतं ते निवडणाऱ्या बायकांच्या मजुरीत आणि टेम्पोच्या भाड्यात जातं. काही महिने भाडंही निघत नाही, तेव्हा सोसायटीचे खजिनदार माझ्याशी बोलत नाहीत.

पुढच्या रविवारी नऊ ते बारा. पाऊस असेल तर रद्दी प्लास्टिकच्या चादरीत गुंडाळून आणा, ओल्या पेपराला काट्यावर वजन चढतं आणि मिलमध्ये भाव उतरतो. चादर मात्र परत घरी न्या. गेल्या वर्षी तेवीस चादरी आमच्याकडे राहिल्या, त्या अजून माझ्या गॅलरीत आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी ओळखून न्याव्यात.